ताईच्या गाडीत काय वाजत होतं

१

गाडीत ॲम्प्लिफायर बसवायचा म्हणजे आवाजाचं काम कमी आणि वायरी ओढायचं काम जास्त. बॅटरीपासून एक जाड वायर काढायची, तिला जवळच फ्यूज द्यायचा, इंजिनमागच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून ती आत घ्यायची आणि गालिच्याखालून मागच्या डिकीपर्यंत न्यायची. आवाजाच्या बारीक वायरी मात्र गाडीच्या दुसऱ्या कडेने. दोन्ही शेजारीशेजारी गेल्या की गाण्यात इंजिनाची शिट्टी वाजते. मग चारही दारांची पॅनलं उतरवायची. त्यांच्या क्लिपा हमखास तुटतात, आणि गिऱ्हाईक समोर उभं असेल तर त्या खोकून तोडायच्या असतात. माझा या धंद्यातला खोकला चांगला आहे.

ताई गिऱ्हाईक नव्हती, बहीण होती, त्यामुळे मी न खोकता तोडल्या. तसाही तिला आवाज कळला नसता.

माझी ही थोरली बहीण एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस जेवलाय की उपाशी आहे ते सांगायची, आणि ते बरोबर निघायचं. निवृत्त झाली त्याच वर्षी तिला एक ताप आला. तो डोक्यापर्यंत चढला आणि उतरताना दोन्ही कान घेऊन गेला. मशीनं लावून पाहिली. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, आवाज मोठा करून उपयोग नाही. ताई ओठ वाचायला शिकली. गाडी चालवत राहिली. पण स्वतःचं बोलणं ऐकू येईना, म्हणून ते कधी फार मोठं व्हायचं, कधी सपाट. एकदा दुकानात ती काही मागत असताना सगळे वळून बघायला लागले. त्या दिवसापासून तिनं बोलणंच आवरतं घेतलं. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. आमच्याकडे आली तरी भाजी निवडून द्यायची, ताट धुवायची आणि जायची.

त्या सकाळी तिनं गाडी माझ्या दुकानापुढे लावली आणि खाली उतरून म्हणाली, "छोट्या, माझ्या गाडीत मोठा आवाज बसव."

मी तिच्यासमोर तोंड नेऊन विचारलं, "कशाला ताई?"

"कानाला नाही रे. पाठीला." तिनं हात मागे नेऊन पाठ थोपटली. "काल एका ट्रकच्या मागे उभी होते. त्याची घरघर सीटमधून अंगात आली. किती बरं वाटलं. आवाज म्हणजे काय असतं तेच मी विसरत चाललेय."

मी पाना घेतला, बॉनेट उघडलं.

२

दुपार टळेपर्यंत बरंचसं काम उरकलं. चार दारांत चार स्पीकर, पुढच्या सीटखाली एक मोठा, डिकीत ॲम्प्लिफायर. वायरी सगळ्या जोडल्या होत्या. राहिला होता तो फक्त स्टिरिओ. तो आतल्या कपाटात खोक्यातच होता, आणि त्याला लागणारी पिन डॅशबोर्डच्या भोकातून बाहेर मोकळी लोंबत होती. म्हणजे नळ, पाइप, टाकी सगळं तयार, पण टाकीत पाणी नाही. मी फ्यूज घातला, ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा लागला, तो बघून समाधानानं हात पुसले आणि चहा ठेवायला आत गेलो.

परत आलो तर ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. डोळे मिटलेले, पाठ सीटला टेकलेली, एक हात दाराच्या उघड्या स्पीकरवर. मी काचेवर टकटक केली. मग लक्षात आलं आणि दार उघडून खांद्याला हात लावला.

तिनं डोळे उघडले. "छान आहे," ती म्हणाली. "कुठलं आहे हे?"

"काय कुठलं?"

"हेच. लावलंयस ते."

मी हसलो. म्हटलं, "ताई, अजून काही लावलेलंच नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. माझ्या ओठांकडे तिनं पुन्हा पाहिलं, मग त्या लोंबणाऱ्या पिनेकडे. हात मात्र स्पीकरवरून काढला नाही.

३

माझं डोकं सरळ आहे. पहिल्यांदा मला वाटलं, अर्थिंगचा लोचा. मग वाटलं, शेजारच्या इमारतीच्या तळघरात पंप चालू असेल. मी तिला खाली उतरवलं, स्वतः बसलो, कान लावला. काही नाही. कान असलेल्या माणसाला त्या गाडीत अगदी गच्च शांतता होती.

मग मी तळहात ठेवला.

स्पीकरचा पडदा पुढे येत होता. थरथरत नव्हता, धडधडत नव्हता. सावकाश, इतका सावकाश की नुसत्या डोळ्यांना तो थांबलेलाच वाटावा. येत येत तो माझ्या तळव्याला भिडला, थोडं दाबून राहिला, आणि तितकाच सावकाश मागे गेला. एवढ्यात माझे किती श्वास झाले कोण जाणे. मी पलीकडे वाकून डाव्या दाराचा स्पीकर पाहिला. तोही तसाच. सीटखालचाही तसाच.

मी जाऊन फ्यूज काढला. हिरवा दिवा विझला. आता वीज नाही, म्हणजे काही हलायला नको. परत येऊन हात ठेवला. ते हलत होतं. थोडं फिकं झालं होतं इतकंच, जाड पडद्यामागून उजेड यावा तसं.

मी डिकीतून स्पीकरच्या वायरी ओढून काढल्या. थांबलं. पुन्हा खोचल्या. मिनिटभर काहीच नाही, आणि मग पडदा पुढे यायला लागला.

स्पीकर उलटा वापरला की तो माईक होतो, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पडद्यावर हवा आपटली की तारेत वीज होते, एक हलला की त्याच्या जोडीनं दुसरे हलतात. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की कुठून तरी हवेचा दाब येतोय. दुकानाचं मागचं दार, आतला पंखा, रस्ता. मी दार लावलं, पंखा बंद केला. गल्लीत बाहेर एक मांजर झोपलं होतं. बाकी काही नव्हतं.

ताई बाजूला उभी राहून सगळं बघत होती. तिनं विचारलं, "गेलं का?"

"नाही."

"मग राहू दे ना," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा मोठा झाला होता, पण या वेळी तिला त्याची लाज वाटत नव्हती.

४

मी तिला विचारलं, "काय वाटतं तुला नेमकं?"

तिनं विचार केला. "हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर लांबच्या लाइनी लागायच्या बघ. कधीकधी समोरचा अजून बोललेला नसायचा. नुसती लाइन उघडी असायची. तेव्हाच कळायचं, माणूस केवढ्या खोलीत बसलाय ते. कोठडीत आहे, हॉलमध्ये आहे, जिन्याखाली आहे."

"मग ही खोली केवढी आहे?"

"तेच शोधतेय मघापासून," ताई म्हणाली. "भिंत लागत नाहीये, छोट्या."

तिच्या तोंडावर भीती नव्हती. लहान मूल पहिल्यांदा गच्चीवर नेल्यावर वर बघतं, तसं काहीतरी होतं.

"पण ते पाठमोरं आहे," ती पुढे म्हणाली. "तोंड पलीकडे आहे त्याचं."

हे ऐकून मला उलट हायसं वाटलं, कारण पाठमोऱ्या आवाजाचं औषध माझ्याकडे होतं. एका स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की बाकीचे पुढे येताना तो मागे जातो. आवाज पोकळ होतो, समोरून येण्याऐवजी कुठेतरी मागे लोंबल्यासारखा वाटतो. तपासायची रीत सोपी आहे. घड्याळाचा साधा सेल घ्यायचा आणि वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. पडदा टुणकन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं.

मागच्या डाव्या दाराचा आत गेला. माझीच चूक. मी दोन वायरी सोडवल्या, अदलाबदल केल्या, पट्टीची खूण असलेली वायर जिथे हवी तिथे पिळली. ताई सीटवर बसलेली होती आणि मी तिच्या मागच्या दाराशी उकिडवा. वायर जागेवर बसल्याबरोबर तिनं दोन्ही हात वर उचलले, कुणी थांब म्हटल्यासारखे.

"काय झालं?" मी मागचं दार लावून तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि तिला दिसेल असं विचारलं.

"वळलं," ताई म्हणाली.

गाडीच्या काचा बंद होत्या. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये दडे बसतात तसे माझ्या कानात दडे बसले. पाचही स्पीकर एकदम पुढे आले होते, आणि मागे जात नव्हते.

५

माझी बायको दुकानाच्या मागच्या भागात सीटकव्हरं शिवते. तिनं शिलाईमशीन थांबवलं आणि मला हाक मारली. हाकेत घाई नव्हती. म्हणूनच मी लगेच गेलो. ती घाबरली की आवाज खाली आणते.

आमच्या दुकानात एका भिंतीवर नमुन्याचे स्पीकर लावलेले आहेत, लाकडी फळीवर, ओळीनं, लहान-मोठे. गिऱ्हाइकाला दाखवायला. त्यातले निम्मे बिघडलेले आहेत आणि एकालाही वायर नाही. मागे उघडी टोकं आहेत, त्यावर धूळ.

त्या सगळ्यांचे पडदे बाहेर आलेले होते. कडेचं रबर ताणून पांढुरकं झालेलं. भिंतभर. पुढे कलून, गल्लीत उभ्या असलेल्या ताईच्या गाडीच्या दिशेनं.

"हे तुम्ही केलंत का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

तिनं पुढे होऊन एका लहानशा स्पीकरवर बोट ठेवलं आणि दाबलं. तो आत जाईना. तिनं अंगठ्यानं जोर लावला. "मागून कुणीतरी हात लावून धरलाय," ती म्हणाली, आणि फळीच्या मागे वाकून बघून आली. तिचा स्वभावच तसा आहे, स्वयंपाकघरात खुडबुड झाली तर मला न उठवता स्वतः जाणारी. मागे भिंतीचा गिलावा होता.

आम्ही दोघं उभे राहिलो. खरं सांगायचं तर मला पळावंसं वाटलं नाही. लहानपणी धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर पाहिलं होतं, तेव्हा जसं आपोआप बोलणं बंद झालं होतं, तसं झालं. थोड्या वेळानं सगळे पडदे एकसाथ, रोखलेला श्वास सोडावा तसे, आपापल्या जागी गेले. फळीवरची धूळ खाली पडली.

ताई दारात येऊन उभी होती.

"आजच्या आज काढून टाका ते," बायको मला हळूच म्हणाली.

"ओठ हलले की मला वाचता येतं गं," ताई म्हणाली. "हळू बोलून काय उपयोग?"

बायको ओशाळली. तिनं ताईकडे तोंड केलं. "वन्सं, मला भीती वाटते. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते की." ताईनं भिंतीकडे पाहिलं. "पण घरात मला जे वाटतं ना, दिवसभर, त्याच्यापुढे ही भीती बरी आहे. निदान समोर कुणीतरी आहे."

बायको पुन्हा मशीनवर जाऊन बसली. मी पॅनलं परत बसवली. स्टिरिओ जोडायला घेतला तर ताईनं माझा हात धरला आणि मान हलवली. तो आजही खोक्यातच आहे.

६

त्यानंतर ताई रोज बाहेर पडू लागली. सकाळी गाडी काढायची, गावाला एक चक्कर मारायची, दुकानाशी थांबायची. काचा बंद, आत काहीही न वाजणारी गाडी, आणि तिच्यात प्रसन्न मुद्रेनं बसलेली बाई. गल्लीतले लोक म्हणायचे, तुझी बहीण भलतीच खुलली हो.

खरंच खुलली होती. तिचं बोलणं सुधारलं. बायकोच्या लक्षात ते आधी आलं. "वन्सं कधीपासून इतकं नीट बोलायला लागल्या?" ती म्हणाली. "बारीक नाही, मोठं नाही. जसं काही स्वतःचं ऐकूनच बोलतात." ताई जेवताना हॉटेलातल्या गमती सांगायची, आम्ही हसायचो. मध्येच बोलता बोलता एक बोट वर करून थांबायची, डोळे कुठेतरी लावून, बोर्डावर दुसरी लाइन आल्यासारखी. मग "हं, काय म्हणत होते मी?" म्हणून पुढे सुरू.

एकदा तिनं मला शेजारी बसवून नेलं. रस्ता गर्दीचा होता, रिक्षा, बस, शाळा सुटलेली. पाठीवर मला ते जाणवत होतं, तो लांबच लांब दाब, येणारा आणि जाणारा. पण आता त्यात फरक पडला होता. येणं वाढलं होतं. किती वेळ येतच होतं. परतणं आखूड.

सिग्नलला ताईनं माझ्याकडे पाहिलं. "कळलं का तुला?"

"काय?"

"माणूस बोलायच्या आधी काय करतो?"

मी खांदे उडवले.

"आधी श्वास घेतो," ताई म्हणाली. "फोनवर पहिल्यांदा तोच ऐकू यायचा. बोर्डावर बसून बसून मला सवय झाली होती. श्वासावरूनच ओळखायचं, हा आता रागावणार, ही आता रडणार."

सिग्नल हिरवा झाला. तिनं गाडी पुढे घेतली. त्या श्वासाला लागणारी छाती केवढी असेल, याचा हिशेब माझं डोकं आपोआप करायला लागलं. काही रस्त्यांपर्यंत केला. मग हिशेबात गाव संपलं, टेकड्या संपल्या, तरी ती छाती संपेना, तेव्हा मी खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायला लागलो.

"आणि हा काय करणार आहे?" मी बऱ्याच वेळानं विचारलं.

"ओळखीचं नाही रे," ती म्हणाली. "राग नाहीये, एवढं सांगते."

७

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. ताई आता आमच्याच घरी राहते. ठणठणीत आहे. कानांना अजूनही काही ऐकू येत नाही. गाडी दारात उभी असते, आणि आता सांगणार आहे त्या दिवसापासून तिच्यातल्या एकाही वायरीला मी हात लावलेला नाही.

त्या दिवशी ती दुपारी आली आणि म्हणाली, "चल, तलावावर." मी पाना हातातच घेऊन गाडीत बसलो.

गावाबाहेर पाणीपुरवठ्याचा मोठा तलाव आहे. त्याचा काठ दगडांनी बांधलेला, पाण्यापर्यंत उतरत गेलेला. ऊन चांगलंच होतं, वारा सुटला होता, पाण्यावर सगळीकडे बारीक लाटा होत्या आणि दूर मधोमध पाणपक्ष्यांचा एक थवा बसलेला होता. माणूस कुणी नव्हतं. ताईनं गाडी काठाशी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरून चारही दारं उघडली.

मला बरं वाटलं. बंद डब्यात दाब साठतो, डबा उघडला की सुटतो, हे साधं आहे. मी पुढच्या सीटवर हात टेकवला. पाठीत, हातात, दाताच्या मुळात ते जसंच्या तसं होतं. उघड्या दारांचा त्याला काही फरक पडला नव्हता.

"फ्यूज काढ," ताई म्हणाली.

मी बॉनेट उघडून फ्यूज काढला. मग डिकीत जाऊन एकेक करत स्पीकरच्या सगळ्या वायरी उपटल्या. पहिल्या दिवशी एवढ्यानं ते थांबलं होतं. मी दाराशी येऊन वाकून पाहिलं. जाळीच्या आत पडदे पुढेच येत होते.

"छोट्या," ताई म्हणाली. "हे बघ."

मी पाण्याकडे पाहिलं. काठाचे दगड एका रेषेपर्यंत कोरडे होते आणि तिच्याखाली ओले, काळे. ती ओली पट्टी रुंद होत होती. पाणी उतरत होतं. आवाज नाही, ओढ नाही, भोवरा नाही. दगडांचा एक थर उघडा पडला, त्याखालचा पडला, शेवाळ दिसायला लागलं. आणि डावीकडे, उजवीकडे, नजर जाईल तिथवर पलीकडच्या काठालाही तीच काळी पट्टी. आख्ख्या तलावाचं पाणी कुणीतरी तळहातानं सावकाश दाबत होतं. पक्षी उडाले नाहीत. त्यांनी सगळ्यांनी माना एकाच बाजूला केल्या होत्या.

माझ्या हातात फ्यूज होता. या वायरी, हा ॲम्प्लिफायर, आमची ती भिंत, यांतल्या कशानंही ते केलेलं नव्हतं, हे मला तिथे समजलं. मी गाडीच्या उंबऱ्यावर बसलो.

मग ते थांबलं. श्वास पुरता भरून झाला होता.

वारा वाहत होता. ताईचे केस तिच्या तोंडावर उडत होते, उघडं दार बिजागरीवर हलत होतं, माझा शर्ट फडफडत होता. पण पाण्यावर एकही लाट नव्हती. काठापासून काठापर्यंत ते आरशासारखं सपाट पडलं होतं, आणि त्यात आभाळ दिसत होतं, वरच्या आभाळापेक्षा खोल.

माझे कान अजून शाबूत आहेत. मला वाऱ्याचा आवाज आला, दाराची कुरकुर आली. आणखी काहीही आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

ताईनं मान वळवली. पाण्याकडे नाही, गाडीकडेही नाही. खांद्यावरून मागे आणि थोडी वर, आतल्या खोलीतून आपलं नाव घेऊन कुणी बोलावलं की माणूस वळवतो तशी. चेहऱ्यावरचे केस तिनं बाजूला केले.

"ओ," ती म्हणाली.